गव्हाळ

पहिल्या आठ प्रश्नांना मिग्दालिया कुठेच अडखळली नाही. भावाचं पूर्ण नाव एफ्राइन कोत्तो रिवेरा. जन्म पोर्तो रिकोतल्या सालिनासचा, १९४९ सालचा. लग्न केलं नाही. दोन वर्षं सैन्यात, मग एकतीस वर्षं अमेरिकेतल्या होल्योक शहराच्या बस डेपोत मेकॅनिक. अंत्यविधीच्या कार्यालयातली यारेलिस उत्तर ऐकायची, टाइप करायची आणि पुढचा प्रश्न वाचण्याआधी क्षणभर थांबायची. तिशीची असेल. तसं थांबायला तिला कुणीतरी शिकवलं असावं, असं मिग्दालियाला वाटलं.

"नववा," यारेलिस म्हणाली. "ते हिस्पॅनिक होते का?"

"नाही, आयरिश होता. काय गं, कोत्तो आडनावाचा माणूस आणखी कोण असणार?"

"विचारावंच लागतं, मिग्दालियाबाई. मागच्या आठवड्यात एका मर्फीबाईंकडून हो असं उत्तर आलं. आई पोर्तो रिकोतल्या पोन्सेची होती त्यांची."

तिने 'पोर्तो रिकन'समोर खूण केली आणि दहावा प्रश्न वाचला. वंश.

"आत्ताच सांगितलं की. पोर्तो रिकन."

"ते नवव्यात गेलं. हा वेगळा आहे." यारेलिसने स्क्रीन तिच्याकडे वळवली. गोरा, काळा, अमेरिकेतला मूळ रहिवासी, मग आशियातल्या देशांची लांबलचक यादी. पोर्तो रिकन त्यात कुठेच नव्हतं. "हिस्पॅनिक माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. आधी मूळ विचारतात, मग वंश."

मिग्दालियाला हे नवीन नव्हतं. हे दोन प्रश्न आयुष्यभर तिच्यासमोर येत होते, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्यात, दर दहा वर्षांनी जनगणनेत. पहिल्याचं उत्तर ती मान वर न करताच देत असे. दुसऱ्यालाही एक ठरलेलं उत्तर होतं.

"गोरा लिही," ती म्हणाली.

यारेलिसची बोटं कीबोर्डवर थांबली. या वेळी ती शिकवल्यापेक्षा जास्त वेळ थांबली. दोघींच्या मध्ये टेबलावर एफ्राइनचा फोटो पडला होता. प्रार्थनेच्या कार्डावर छापायला म्हणून मिग्दालियानेच तो आणला होता, १९९१ सालच्या एका लग्नातला. फ्लॅश थेट चेहऱ्यावर पडला होता. त्यात भर म्हणून तो फोटो वीस वर्षं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात उभा होता. त्यातला माणूस फिकट, पिवळसर दिसत होता. घरात असे आणखी दहा-बारा फोटो होते. तिने हाच का निवडला, हे तिला कुणी विचारलं नाही.

"माहिती देणार तुम्ही," यारेलिस म्हणाली. "तुम्ही सांगाल तेच जाणार. उद्या दुपारी बाराला मी हे नगरपालिकेकडे पाठवते. तोपर्यंत काही बदलायचं असेल तर फोन करा. त्यानंतर बदलायला फार खेटे घालावे लागतात." मग तिने फोटो उचलून एका पाकिटात घातला. "हा मी खाली, देह सजवणाऱ्यांकडे देते. चेहऱ्याचा रंग ते फोटोवरूनच जुळवतात."

आज बुधवार होता. दफन शनिवारी होतं. त्याचा काळा कोट आणि बूट आणून द्यायचे होते. मिग्दालियाने भावाच्या घराची किल्ली पर्समध्ये चाचपली आणि ती बसथांब्याकडे निघाली.

एफ्राइनचं घर तिच्यापासून तीन थांबे लांब. सोमवारी सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत दारातच पडून होतं, म्हणून समोरच्या टॉलिव्हरने दार ठोठावलं होतं, मग मालकाला बोलावलं होतं. एफ्राइन खुर्चीत बसलेला सापडला. हृदय थांबलं, इतकंच डॉक्टरने लिहिलं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजता, त्याने नेहमीप्रमाणे तिला फोन केला होता. चार मिनिटं. काय शिजवलंस, गुडघा कसा आहे, गॅस बंद केलास ना. चौतीस वर्षं दर रविवारी हेच. ठेवताना तो म्हणायचा, "चल, काळ्या ठेवतो."

काळ्या हे त्याचं घरातलं नाव. आईने ठेवलेलं. आई स्वतः काळी होती, वडील गोरे. मिग्दालिया वडिलांवर गेली, एफ्राइन आईवर. काळ्या, जेवायला ये. काळ्या, दिवा घालव. शेजारणीही त्याला त्याच नावाने हाक मारायच्या आणि त्यात लाडाखेरीज काही नसायचं. पण त्याच शेजारणीला कुणी विचारलं, तुमच्या शेजारचा तो मुलगा दिसायला कसा, तर ती क्षणभर विचार करून म्हणायची, गव्हाळ आहे. काळा हे हाक मारायला होतं. सांगायला गव्हाळ, आणि लिहायला गोरा.

जिना चढून ती वर आली तेव्हा टॉलिव्हरचं दार उघडंच होतं. पंचाहत्तरीचा उंच काळा माणूस, बाहीला घडी घातलेला सदरा. तो लगबगीने बाहेर आला.

"मॅडम, तुम्हाला मालकाच्या ऑफिसातून पाठवलंय का? सामान हलवायचं असेल तर थोडं थांबा. त्याची बहीण आहे इथे कुठेतरी. तिला आधी कळायला हवं."

"मीच त्याची बहीण," मिग्दालिया म्हणाली.

टॉलिव्हरने तिच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्याला काहीतरी आठवत असल्यासारखं दिसलं.

"तुम्ही याआधी इथे आला होता," तो हळूहळू म्हणाला. "नाताळात यायचात. डबा घेऊन."

"तुरीच्या दाण्यांचा भात. दर वर्षी."

"मला वाटायचं तुम्ही चर्चच्या असाल. नाहीतर सरकारी नर्सबाई. एकट्या म्हाताऱ्यांना भेटायला येतात ना, तशा." तो भिंतीला टेकला. "मी त्याला चिडवायचो. म्हणायचो, काय राव, नाताळ उलटून गेला, या वर्षीही आली नाही तुझी बहीण. तो म्हणायचा, आली होती की, रोस्को. मला वाटायचं, लाज राखतोय बिचारा."

मिग्दालिया दाराकडे वळली. तिने किल्ली कुलपात घातली. ती उलटी जात होती, म्हणून फिरवून पुन्हा घातली.

"एक सांगू का?" टॉलिव्हर मागून म्हणाला. "बावीस वर्षं मी त्याला स्पॅनिश म्हणत आलो. आमच्यातला कधी धरलाच नाही. एकदा तो म्हणाला, रोस्को, पोलीस गाडी थांबवतो ना, तेव्हा मी स्पॅनिश बोलतो का ते आधी बघत नाही. रंग बघतो आणि थांबवतो." तो थोडासा हसला. "आणि तुमच्या लोकांच्या क्लबात डॉमिनो खेळायला गेला की तिथले म्हणायचे, तू तर गव्हाळ रे, तुला कशाला काळ्यांच्या भानगडी. म्हणून इथे माझ्याकडे येऊन बसायचा. इथे मी स्पॅनिश म्हणायचो."

आत सगळं जागच्या जागी होतं. एक ताट, एक कप, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, म्हणजे तिच्यावर बरेच दिवस कुणी बसलं नसावं. कपाटात काळा कोट सापडला. तळाशी बुटांचं खोकं होतं आणि त्याच्याखाली जाड पुठ्ठ्याची एक फाईल होती.

ती कशाची, हे मिग्दालियाला न उघडताही कळलं. सैन्यातून परतल्यावर त्याने दवाखान्याच्या मदतीसाठी अर्ज केला होता आणि तो आमच्याकडे आलाच नाही, असं त्या कार्यालयाने दोनदा कळवलं होतं. तेव्हापासून कुठलाही कागद हातातून सोडण्यापूर्वी एफ्राइन वाचनालयात जाऊन त्याची झेरॉक्स काढायचा. घरात त्यावरून त्याची थट्टा व्हायची. आई म्हणायची, काळ्या, तुझं लग्न ठरलं तर बायकोचीही कॉपी काढून ठेवशील.

फाईल वर्षांच्या क्रमाने लावलेली होती. ती बुटांसाठी वाकली होती, तशीच जमिनीवर बसून पानं उलटू लागली. भाडेकरार, डोळे तपासल्याचे कागद, डेपोतल्या बढतीचा अर्ज, तो नामंजूर झाल्याचं पत्र. आणि २०१० सालच्या जनगणनेचा फॉर्म. या घरात किती माणसं राहतात? एक. त्याचं ठसठशीत अक्षर. आठवा प्रश्न, हिस्पॅनिक मूळ: होय, पोर्तो रिकन. नववा प्रश्न, वंश. तिथे त्याने आधी सर्वांत खालच्या 'अन्य' रकान्यात काहीतरी लिहून ते खोडलं होतं. झेरॉक्समध्ये खोडलेलंही उमटलं होतं. तिने पान खिडकीकडे धरलं. अक्षरं लागली: पोर्तो रिकन. आडव्या रेघांनी ती शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली होती. मग वर जाऊन 'काळा'समोरच्या चौकटीत फुली. फुलीच्या रेघा चौकटीबाहेर गेल्या नव्हत्या. घाईने किंवा रागाने केलेली खूण तशी नसते. आधी उत्तर चुकलं, मग विचार केला, मग दुरुस्त केलं, इतकं त्या पानावरून कुणालाही वाचता आलं असतं.

तिला १९८०चा फॉर्म आठवला. तेव्हा आई, एफ्राइन आणि ती एकाच घरात राहायचे. घरातलं सगळं इंग्रजी लिहिणं तिच्याकडे होतं. त्या फॉर्मवर तीन माणसांचे तीन उभे रकाने होते आणि वंशाचा प्रश्न आधीच यायचा. ती पेन्सिल धरून थांबली तेव्हा आई कांदा चिरता चिरता म्हणाली, "गोरा लिही. तिघांनाही. गोऱ्याला पुढे काही विचारत नाहीत." मिग्दालियाने तीन गोल काळे केले. एफ्राइनने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "मी कधीपासून?" तिघंही खळखळून हसले. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, कांद्याचं असेल. एफ्राइनही हसला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तो सगळ्यात आधी थांबला, हेही आठवत होतं.

आणि शाळेच्या फाटकाची ती गोष्ट. ती विसरली जावी म्हणून तिने पुष्कळ वाट पाहिली होती.

१९८८ साली ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती. तिथल्या बायकांनी तिला इटालियन धरलं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एके दिवशी ती चष्मा घरी विसरली आणि एफ्राइन डेपोतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तो घेऊन आला. दरवानाने त्याला फाटकातच अडवलं. डब्यांच्या गाडीजवळ चार-पाच जणी उभ्या होत्या. दरवानाने तिला बोलावून विचारलं, हा तुमच्या ओळखीचा आहे का? ती म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमध्ये राहतो."

हे खोटंही नव्हतं. एफ्राइनने चष्मा तिच्या हातात दिला, टोपीला हात लावला आणि इंग्रजीत म्हणाला, "हा घ्या, बाई." दोन महिन्यांनी त्याने वेगळं घर घेतलं. डेपोच्या जवळ पडतं, असं आईला सांगितलं. त्या आठवड्यापासून रविवारचे फोन सुरू झाले. फाटकाबद्दल तो कधी अक्षरानेही बोलला नाही. तिला वाटत होतं की एकदा तरी बोलावं, म्हणजे तिला माफी मागता आली असती.

खिडकीखालून बस गेली, मग दुसरी गेली. आज विचारलेला प्रश्न काय होता, हे तिला आता नीट दिसत होतं. काळ्याने स्वतःचं उत्तर देऊन ठेवलं होतं. ते लपवलंही नव्हतं, क्रमाने लावून ठेवलं होतं. आणि उद्या दुपारी बाराला तिचं उत्तर त्याच्यावर कायमचा शिक्का मारून जाणार होतं, १९८०सारखंच. या वेळी खांद्यावरून वाकून विचारणारं कुणी नव्हतं.

पण दुसरीही एक गोष्ट होती. एकच आई, एकच बाप. त्याला काळा लिहायचं, तर मग ती कोण? कागद तिच्याबद्दल विचारत नव्हता. तरी ती त्या जमिनीवर बराच वेळ बसून राहिली. उठताना गुडघा कळवळला, तेव्हा धरायला हाताशी वर्तमानपत्रांची खुर्चीच आली.

गुरुवारी सकाळी नऊला ती कार्यालयाच्या दारात होती. यारेलिसने नुकतं कुलूप काढलं होतं, हातात कॉफी तशीच होती. मिग्दालियाने कोट आणि बूट टेबलावर ठेवले. त्यांच्यावर डेपोचं ओळखपत्र ठेवलं, निवृत्तीच्या वर्षीचं. त्यात एफ्राइन साध्या उजेडात, सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

"खाली हे दे," ती म्हणाली. "कालचा फोटो परत आण. रंग यावरून लावायला सांग."

यारेलिसने ओळखपत्र हातात घेऊन पाहिलं. "बरं झालं आणलंत. खालचे कालच विचारत होते, नक्की हाच फोटो का म्हणून."

"आणि दहावा प्रश्न बदलायचाय."

यारेलिस बसली, फाईल उघडली. मिग्दालिया उभीच राहिली.

"काळा," ती म्हणाली. हाक मारताना हजारदा उच्चारलेला शब्द सांगताना तोंडात वेगळाच लागला.

"नववा तसाच ठेवायचा ना? पोर्तो रिकन?"

"तसाच. तो दोन्ही होता." मग तिने विचारलं, "एकाच आईबापाची दोन मुलं. एकाचा वंश एक, दुसऱ्याचा दुसरा. हे चालतं का?"

"कागदाला चालतं. रस्त्यावर लोक आपल्याला काय समजतात, तेच विचारत असावेत बहुतेक." यारेलिसने टाइप करता करता खांदे उडवले. "माझी बहीण गोरा लिहिते. मी लिहीत नाही. नाताळात आई दोघींना गप्प बसवते."

"भांडता?"

"भांडतो की. दर वर्षी."

मिग्दालियाला तिचा हेवा वाटला.

फॉर्मच्या तळाशी माहिती देणाऱ्याचं नाव, मृताशी नातं आणि सही अशा तीन जागा होत्या. काल नातंही यारेलिसनेच विचारून टाइप केलं होतं. आज तिने तेही भरायला बोटं कीबोर्डकडे नेली, तर मिग्दालिया म्हणाली, ती जागा कोरी ठेवून छाप, पेन दे. ती खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि घरातले सगळे फॉर्म भरताना काढायची तशा सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं: बहीण. आणि खाली सही केली.

"याची एक झेरॉक्स काढून दे."

"खरा दाखला येईल टपालाने, आठ-दहा दिवसांत. शिक्क्याचा."

"तो येईल तेव्हा येऊ दे. त्याला कॉपी काढल्याशिवाय कागद सोडायची सवय नव्हती."

शनिवारी दफन झालं. उघड्या शवपेटीत एफ्राइन स्वतःसारखा दिसत होता, इतका की मिग्दालियाला त्याच्याकडे फार वेळ बघता येईना. चर्चच्या बायका होत्या, डेपोतले दोन निवृत्त मेकॅनिक होते. टॉलिव्हर टाय लावून आला, सगळ्यांना ओलांडून थेट तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ चांगला माणूस होता, मॅडम." जवळच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. ती म्हणाली, "हो. माझा भाऊ होता." तिने त्याला मृतासाठी घरी नऊ दिवस होणाऱ्या जपमाळेच्या प्रार्थनेला बोलावलं. तो म्हणाला, मी बाप्टिस्ट पंथाचा, मला त्यातलं काही येत नाही. ती म्हणाली, नुसतं बसायचं असतं.

रविवारी पहिली माळ संध्याकाळी पाचला होती. खुर्च्या तिने सकाळीच मांडल्या, सात, मग मोजून त्याच्यासाठीची एक कमी केली. टेबलावर मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि डेपोच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला फोटो. झेरॉक्स तिने त्याच्या फाईलमध्ये सर्वांत शेवटी लावली. तिथे अजून बऱ्याच पानांची जागा होती. पुढची जनगणना २०३०ची. तोवर ती जगलीच तर फॉर्म तिच्याकडेही येईल: घरात किती माणसं, एक, मूळ, पोर्तो रिकन, आणि त्याखालचा प्रश्न. त्याचं उत्तर तिला अजून माहीत नव्हतं. हे कुणाला विचारावं असं एकच माणूस होतं आणि इतक्या वर्षांत तिने त्याला ते विचारलं नव्हतं.

तिने कॉफी केली, सवयीने थोडी जास्त, आणि फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसली. दहा वाजले. गॅस बंद केला होता. गुडघा ठीक होता.

सव्वादहाला तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. फोन चालू होता.